रात्री तीनचा लोड

परिपत्रक आलं: वीजवापर दहा टक्क्यांनी कमी करण्यात यावा.
कोणी, ते लिहिलेलं नव्हतं.
मराठी विभागातले सर म्हणाले, अशा वाक्यात कर्ता दडून बसतो.
दडू दे. वायरमन सापडतोच.

तेवीस वर्षं मी कलिन्याच्या या आवारात.
कुठला पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर फिरतो,
कुठल्या जिन्यातला बल्ब दर दिवाळीत कुणाच्या घरी जातो,
सगळं पाठ.
मीटरचं मात्र काही ठाऊक नव्हतं.

ते इफ्फत मुकादमनं दाखवलं, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची पोर.
तिनं फीडरला आठवडाभर चिमटा लावून ठेवला
आणि लॅपटॉपवर डोंगर उघडला:
अकराला चढ, दुपारी माथा, सातनंतर उतार.
"आणि हे बघा काका, रात्री तीन.
वर्ग रिकामे, कँटीनला कुलूप, कुत्रीसुद्धा निजलेली.
तरी एवढा लोड.
कोण जागं असतं?"

मग निघालो, कोण जागं असतं ते बघायला.
धुरी वॉचमन किल्ल्यांचा झुबका घेऊन पुढे.
डोक्यावरून विमानं, चाकं मोजावीत इतकी खाली.

पाण्याचे कूलर जागे, अकराच्या अकरा.
प्रयोगशाळेतला फ्रीजर जागा, पण त्याला हात लावायचा नाही,
त्यात कोणाची तरी चार वर्षं उणे ऐंशीवर ठेवलेली आहेत.
गेटवरचा फलक जागा,
'ऊर्जा बचत सप्ताह', दोन हॅलोजनच्या झोतात.
धुरी इतका हसला की किल्ल्या वाजल्या.
वाचनालयात एक मुलगी, एका ट्यूबखाली,
पाय खुर्चीवर घेऊन.
इफ्फतनं वहीत लिहिलं: अठरा वॅट.
पुढे लिहिलं: राहू दे.

जुनी इमारत, दुसरा मजला.
बंद दाराखालून गार वारा, पायाच्या अंगठ्याला लागणारा.
टिपणीस मॅडमची खोली.
वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, दमट हवा सोसत नाही,
म्हणून एसी कायम सुरू.
मॅडम जाऊन दोन वर्षं झाली.
झुबक्यातली एकतिसावी किल्ली लागली.

आत रॅक रिकामे.
संग्रह केव्हाच नव्या इमारतीत गेलेला.
डांबरगोळ्यांचा वास, भिंतीवर तेव्हाचा जून,
आणि फरशीवर एक सुटा कागद,
त्यावर दोऱ्यानं टाचलेली फांदी,
खाली मॅडमच्या अक्षरात: वाकोला नाला, उत्तर काठ.
आता तिथं काठ उरलेला नाही.
पालथ्या घड्यावरचं पाणी ऐकून होतो,
रिकाम्या फळ्यांवरचा गारवा पहिल्यांदा पाहिला.
सातशेच्या वर रात्री.

ज्यांच्या हाताखाली शिकलो ते कुंभवडेकर मिस्त्री
दिवा विझवतो म्हटलं की रागवायचे.
विझवतो म्हणू नये, शांत करतो म्हणावं.
दुकान बंद करतोस का? वाढवतोस ना?
साठ वॅटच्या बल्बलाही त्यांचा हाच नियम,
आणि मी शिडी धरून मनात हसायचो.

बटणावर बोट ठेवून जरा थांबलो.
मशीन थरथरलं, एक थेंब पडला,
मग खोलीला खोलीचा आवाज आला.
खिडकीतून बीकेसीच्या काचा दिसत होत्या, सगळ्या पेटलेल्या.
तिथं कोण चिमटा लावणार.

दुसऱ्या रात्रीच्या तीनला
डोंगराचा पायथा एक पायरी उतरलेला होता.
इफ्फतनं बोट ठेवलं म्हणून मला दिसला.
दहा टक्के कसले, एकही नसेल.

रजिस्टरात शेरा म्हणून 'बंद' लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं: खोली २१४, एसी, शांत केला.
कार्यालयातून विचारणा आली, म्हणजे नेमकं काय केलं?
उत्तर अजून दिलेलं नाही.

फांदी माझ्या टूलबॉक्समध्ये आहे, टेपच्या रिळाखाली.
नव्या इमारतीत नेऊन द्यायला हवी.
तिथं एसी चोवीस तास असतो.